टेबलाखालची राणी

१

मुलांनो, जरा डोळे मिटा. झोपायला नव्हे, एका टेबलाखाली जाऊन बसायला.

टेबल मोठं, लाकडी. चारी बाजूंनी पांढरी चादर लोंबते आहे, त्यामुळे वरचं काही दिसत नाही. दिसतात फक्त पाय. वर तुमची आई केक कापते आहे. सुरी उतरली की पापुद्रे मोडल्याचा आवाज येतो आणि आई विचारते, "हा कुणाला?" तुम्ही ज्याचं नाव घ्याल, तुकडा त्याला. तुम्हांला केक दिसत नाही, म्हणजे लबाडीला जागा नाही. असा हा खेळ.

चौथ्यांदा आई विचारते. तुम्ही तुमच्या आवडत्या आजीचं नाव घेता.

थोड्या वेळाने वर कप फुटतात. मग एक खुर्ची पडते. आणि त्या आजीचा चेहरा चादरीखालून आत, तुमच्या गुडघ्यापाशी येतो. ओठांवर फेस. डोळे उघडे, पण त्या डोळ्यांना तुम्ही दिसत नाही.

आता डोळे उघडा. तुमच्यापुढचा तो चेहरा गेला असेल. त्या टेबलाखाली खरोखर बसली होती ती इला. वय वर्षं नऊ. तिने कितीही वेळा डोळे उघडले-मिटले, तरी तो चेहरा गेला नाही.

२

अमेरिकेतल्या श्रूजबरीहून पाऊण तासावर लाफोर्ज फॉल्स नावाचं लहानसं गाव आहे. शंभरेक वर्षांपूर्वी कॅनडातून फ्रेंच बोलणारी माणसं तिथल्या कापडगिरणीत कामाला आली. गिरणी बंद पडली. माणसं राहिली, त्यांची आडनावं राहिली आणि त्यांचं खाणं राहिलं. अजूनही तिथे आजीला मेमे आणि आजोबांना पेपे म्हणतात.

जानेवारीत तीन राजांच्या ख्रिस्ती सणाला ते बदामाचा केक करतात. आत चिनी मातीची एक बी लपवलेली असते. ज्याच्या तुकड्यात बी निघेल तो त्या दिवसाचा राजा किंवा राणी. नावं पुकारायला सर्वांत लहान मूल टेबलाखाली बसतं. आणि एक तुकडा जास्तीचा असतो, दारात येईल त्या गरिबासाठी. तो सगळ्यांत शेवटी कापतात.

इलाचे आईबाबा विनीता आणि रवी नागपूरचे, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. शाळा सुटली की इला शेजारच्या आर्मां आणि सेलेस्तकडे जायची. तेच तिचे पेपे आणि मेमे. पेपे एकोणऐंशी वर्षांचे, निवृत्त बेकर. त्यांनी तिला लोणी लाटायला शिकवलं, पीठ मोजायला शिकवलं. ते तिला फ्रेंचमध्ये "माझी पिसू" म्हणायचे आणि ती खिदळायची. पेपेंना वाकता येत नसे, म्हणून त्यांच्या बुटांच्या नाड्या मेमे बांधायच्या. रोज सकाळी, गुडघे टेकून, कुरकुर करत.

त्या रविवारी दुपारी पेपेंच्या घरी टेबलाभोवती आणखी दोघं होती. वरच्या खोलीत भाड्याने राहणारी नाशिकची आश्लेषा. ती इतिहासात पीएचडी करत होती. आणि ती जिथे काम करायची त्या गावच्या संग्रहालयाचा प्रमुख रोलां. म्हणजे माणसं सात, तुकडे आठ.

विष एकाच तुकड्यात होतं: उंदीर मारायची जुनी पूड. तिच्या पत्र्याच्या डब्यांनी बंद गिरणीचं तळघर अजून भरलेलं आहे. ती कुणालाही मिळाली असती. पण मेमेंना मारावं असं कुणाला वाटेल?

आणि मूल टेबलाखालून नावं घेत असताना विषाचा तुकडा नेमका त्यांच्याच ताटलीत कुणी घालू शकेल तरी कसा?

३

तपास आला डिटेक्टिव्ह ल्युसिएन थिबो यांच्याकडे. ते त्याच गावचे, गिरणीत राबलेल्या बाईचे नातू. पोट सुटलेलं, खिशात कायम मेपल साखरेच्या वड्या. ते कुणालाही आधी एकच विचारायचे, "काय खाल्लंत?" माणूस कुठे होता याबद्दल खोटं बोलतो, पण काय खाल्लं ते बहुधा खरं सांगतो, असा त्यांचा अनुभव होता. बोलणं सगळं इंग्रजीत झालं. मी तुम्हांला मराठीत सांगतो.

"दोन घास," रोलां म्हणाला. "तेवढ्यात सेलेस्त पडली. केक उत्तम होता. वाया गेला."

"तुम्हांला कुणावर संशय?"

"ज्या बाईने केक कापला तिला सोडून मला विचारताय? कमाल आहे."

केक विनीताने कापला होता. दर वर्षी पेपे कापायचे. या वर्षी म्हणाले, मनगट दुखतंय, तू काप. चांदणीपासून सुरुवात कर आणि घड्याळाच्या काट्यासारखी जा. केकवर एका कडेला त्यांनी पिठाची छोटी चांदणी चिकटवली होती. मग ते स्वयंपाकघरात कॉफी दळायला गेले.

"तुमचं आणि सेलेस्तबाईंचं कसं होतं?" थिबोंनी विनीताला विचारलं.

विनीताने रवीकडे पाहिलं. मग सरळ सांगितलं. ऑक्टोबरमध्ये एका दुपारी तिची मीटिंग लांबली आणि इला दोन तास घरी एकटी राहिली. मेमेंनी शाळेला फोन केला. सरकारी माणसं घरी आली, फ्रीज उघडून पाहिला, इलाला वेगळं बसवून विचारलं, आई मारते का?

"मग?"

"मग मेमे स्वतः केक घेऊन आल्या. रडल्या. म्हणाल्या, मुलीला आमच्याकडे सोड. तेव्हापासून ती तिथेच असते. असायची."

आश्लेषाला त्यांनी शेवटी बोलावलं. ती ओढणीचं टोक पिळत बसली होती.

"विनीता कधी रागाने काही बोलली होती?"

"सर, ते महत्त्वाचं नाहीये."

"म्हणजे बोलली होती."

"ऑक्टोबरमध्ये. फोनवर बहिणीशी. 'या म्हातारीला मी सोडणार नाही.'" आणि घाईघाईने, "पण सर, मराठीत असं लोक दिवसातून चार वेळा म्हणतात! माझी आई भाजीवाल्याला म्हणते! तो अजून जिवंत आहे!"

थिबो हसले. पण शेजारी बसून लिहून घेणारा त्यांचा वरिष्ठ, कॅप्टन, हसला नाही. त्याने त्या वाक्याखाली रेघ ओढली. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "गुरुवारी सकाळी तिला ताब्यात घेतो. तोपर्यंत तुला काय शोधायचं ते शोध."

४

पुढचे तीन दिवस गावाने काय केलं, तेही सांगतो. माणसं भली असतात असं मी तुम्हांला नेहमी सांगतो, पण नेहमीच असतात असं नाही.

विनीताच्या गाडीच्या काचेवर कुणीतरी बोटाने कवटी काढली. कंपनीने "काही दिवस येऊ नका" असं गोड भाषेत कळवलं. अकरा वर्षं रांगेत असलेली त्यांची ग्रीन कार्डची फाइल आता कुठे जाईल, हे रवी मोठ्याने बोलत नव्हता. आणि शाळेच्या बसमध्ये एक मुलगा ओरडला, "इलाला तुमचं नाव घेऊ देऊ नका! मराल!" सगळी बस हसली.

त्या दिवसापासून इलाने कुणाचंही नाव घेतलं नाही. मांजराचंसुद्धा.

पेपे मात्र रोज त्यांच्याकडे येत. विनीताच्या सोफ्यावर बसून रडत. विनीताच त्यांना पाणी द्यायची.

बुधवारी थिबो आले आणि इलाशेजारी जमिनीवर बसले. बसायला त्यांना बराच वेळ लागला. त्यांनी मेपलची वडी पुढे केली.

"काय खाल्लंस त्या दिवशी?"

"नथिंग. टेबलाखाली होते ना."

"तुला काय काय ऐकू आलं? क्रमाने सांग. कान क्रम चुकत नाहीत."

इला विचार करून म्हणाली, "आधी कप्स फुटले. मग चेअर. मग..."

"थांब. आधी कप? नक्की?"

"आय वॉज देअर," इला जरा चिडून म्हणाली.

ट्रे घेऊन येत होते पेपे. सगळे म्हणाले होते, बायकोला पडताना पाहून त्यांच्या हातून ट्रे सुटला. पण इलाच्या कानांनी तर उलटं सांगितलं. मेमे पडायच्या आधीच ट्रे पडला होता. मग पेपेंनी काय पाहिलं होतं?

"आणि तू नावं कशी निवडलीस?"

"अशीच." ती वडीकडे बघत राहिली.

थिबोंनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला. सोनेरी कागदाचा मुकुट होता. टेबलाखाली सापडलेला. त्यावर जांभळ्या स्केचपेनने लिहिलं होतं, 'क्वीन इला'. त्यांनी तो स्वतःच्या डोक्यावर ठेवला. तो टोपीच्या गोंड्याएवढा दिसला.

इला हसली नाही. तिने तो ओढून घेतला, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा तिला रडू आलं.

"बी मला येणार होती," ती हुंदके देत म्हणाली. "त्या मेल्या, आणि मला आधी तेच वाटलं. की बी मला नाही आली. आय ॲम बॅड."

"तू वाईट नाहीस. बी तुला येणार हे कुणी सांगितलं?"

इलाने ओठ घट्ट मिटले. करंगळी मुठीत लपवली. लहान मुलं करंगळीत करंगळी अडकवून शपथ घेतात, हे थिबोंना माहीत होतं.

५

थिबो तिथून थेट पेपेंच्या बंद ठेवलेल्या जेवणघरात गेले. खिडकीत एका बशीत आठवा तुकडा तसाच होता, गरिबाचा. त्यांनी त्यावर नाक नेलं आणि तसेच थांबले.

त्या तुकड्यावर पिठाची चांदणी होती.

त्यांनी विनीताला फोन लावला. "गरिबाचा तुकडा शेवटी कापतात ना?"

"हो, पण इलाने पहिल्याच तुकड्याला ओरडून सांगितलं, 'देवाला!' आमच्याकडे काही गोड केलं की पहिला भाग देवापुढे ठेवतात. तिला तीच सवय. सगळे हसले. रोलां म्हणाला, एकदा देवालाही आधी जेवू दे. मी तो खिडकीत ठेवला. का? काही चुकलं का?"

"पेपे तेव्हा खोलीत होते?"

"नाही. आत ग्राइंडर चालू होता."

मुलांनो, आता दोन्ही हात पुढे करा. आठ बोटं उघडा. त्या दिवशी तुकडे असे गेले: पहिला देवाला. दुसरा रवीला, तिसरा आश्लेषाला, चौथा मेमेंना, पाचवा रोलांला, सहावा विनीताला, सातवा पेपेंना, आठवा इलाला. बी निघाली सातव्यात, पेपेंच्या न खाल्लेल्या तुकड्यात.

पण बी इलाला येणार होती. मुकुट तिने आधीच तिच्या डोक्याच्या मापाचा करून ठेवला होता. म्हणजे इला सातवी असायला हवी होती. ती आठवी कशी झाली?

देवाचा तुकडा पुढून काढा आणि रीतीप्रमाणे शेवटी ठेवा. प्रत्येक जण एकेक बोट पुढे सरकतो. सातवी इला. बघा, बी बरोबर तिच्याकडे आली. आता चौथ्या बोटाकडे बघा. तिथे कोण आलं?

घाई करू नका. पुन्हा मोजा.

६

गुरुवारी सकाळी थिबोंनी सगळ्यांना त्याच टेबलाभोवती बसवलं. दारात कॅप्टन उभा होता, विनीताला न्यायला. टेबलावर बेकरीतून आणलेला एक साधा केक होता. त्याला कुणी हात लावला नाही. इला आईला चिकटून उभी होती.

"सेलेस्तबाईंना मारायचं असं कुणाच्याच मनात नव्हतं," थिबो म्हणाले. "आपण चार दिवस चुकीच्या माणसाचे शत्रू शोधतोय. चौथा तुकडा तुमचा होता, रोलां."

रोलां हसला. आपण हसतोय हे कळल्यावर थांबला.

"तुमचे शत्रू कोण?"

"यादी लांब आहे."

"आश्लेषा म्हणते, रविवारी केकनंतर तुम्ही काहीतरी वाचून दाखवणार होतात. काय?"

रोलांने आश्लेषाकडे पाहिलं. आश्लेषा हळूच म्हणाली, "मला गिरणीच्या खोक्यात एक पत्र सापडलं होतं, सर. एकोणीसशे चौपन्नच्या आगीचं."

ती आग गावात प्रत्येकाला माहीत होती. सात मुली जळून मेल्या. पेपेंचे वडील एमिल तिथे फोरमन होते. त्यांनी पेटलेला दरवाजा उघडून अकरा जणींना वाचवलं, म्हणून चौकात त्यांचा पुतळा आहे.

"पत्रात लिहिलंय की दाराला कुलूप त्यांनीच लावलं होतं," आश्लेषा म्हणाली. "मुली कामातून उठून बाहेर जाऊ नयेत म्हणून. किल्ली त्यांच्याच खिशात होती. आगीत ते आधी पळाले. मग परत आले."

"हे तुम्ही आर्मांना आधी सांगितलं होतंत?" थिबोंनी रोलांला विचारलं.

"आठवडाभर आधी. माणुसकी म्हणून."

"काय म्हणालात?"

"म्हणालो, तुझ्या बापाचा पुतळा हलवायला क्रेन मागवू, की तू स्वतः ढकलशील?" रोलांने खांदे उडवले. "गंमत केली."

 मग थिबो म्हणाले, "माझ्या आजीच्या दोन बहिणी त्या दाराआड होत्या. आजी मरेपर्यंत दर वर्षी त्या पुतळ्याला फुलं वाहायची." ते पेपेंकडे वळले. "आर्मां, बी कुठल्या तुकड्यात आहे हे फक्त केक करणाऱ्याला माहीत असतं. चाळीस वर्षं तू केक कापलास. या वर्षी तुझं मनगट दुखत होतं, पण त्याच मनगटाने तू कपांनी भरलेला ट्रे उचललास. तुला खोलीत असायचं नव्हतं. पोरीला तू नावांचा क्रम शिकवलास आणि सातव्या नावाला राणी व्हायची लालूच दाखवलीस. विषाच्या तुकड्यावर तू स्वतःला कळेल अशी खूण केली असणार. बाहेर आलास, आणि ती खूण सेलेस्तच्या ताटलीत दिसली. तेव्हाच तुझा ट्रे पडला. ती पडायच्या आधी."

पेपेंचा चेहरा ओला होता. ते खरंच रडत होते. ते सगळे दिवस खरंच रडले होते, आणि त्याच खऱ्या अश्रूंच्या आडून त्यांनी इलाच्या आईला तुरुंगाच्या दारापर्यंत जाऊ दिलं होतं.

"मी माझ्या बायकोला मारलं?" ते म्हणाले. "पोरगी टेबलाखाली होती. तिने हवी ती नावं घेतली. तिलाच विचारा ना. मी तिला काही शिकवलं का?"

 थिबोंकडे मुकुट होता, चांदणी होती, कपांचा आवाज होता. शपथेवर सांगणारं मात्र कुणी नव्हतं. दारातला कॅप्टन घड्याळ बघत होता.

पेपे इलाकडे वळले. ओल्या चेहऱ्याने हसले. करंगळी थोडीशी वर केली, फक्त तिला दिसेल एवढी.

"सांग यांना, माझ्या पिसू. आपलं काही ठरलं होतं का?"

"इला," विनीता म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "बेटा, तुला काही बोलायचं नसेल तर..."

इलाने आईचा हात सोडला. चादर उचलली आणि ती टेबलाखाली गेली.

आत सगळं तसंच होतं. पाय. बाबांचे मोजे, आश्लेषामावशीची पैंजणं, थिबोंचे चिखलाचे बूट. आणि पेपेंचे तपकिरी बूट. दोन्ही नाड्या सुटून जमिनीवर लोळत होत्या. रविवारपासून त्या कुणी बांधल्याच नव्हत्या.

इलाने आधी डाव्या बुटाची नाडी बांधली. मग उजव्या बुटाची. मेमे बांधायच्या तशी, दुहेरी गाठ मारून.

वर थिबो खुर्चीवरून थोडे वाकले. "इला, नावांचा क्रम तुला कुणी दिला?"

टेबलाखालून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, तिने नाव घेतलं.

"पेपे."